क्ष दुकानदाराच्या खिशात

हेब्बाळ म्हटलं की लोकांना बंगळूरचा उड्डाणपूल आठवतो आणि ते कळवळून विचारतात, 'फार ट्रॅफिक असतो ना हो तुमच्याकडे?' नाही. आमचं हेब्बाळ म्हैसूरचं. इथे एक तळं आहे, कारखान्यांची वसाहत आहे आणि इन्फोसिसचं खांबांचं, घुमटाचं प्रशिक्षण केंद्र आहे. नवा पाहुणा ते बघून हा राजवाडा कुठल्या वडियारांचा म्हणून विचारतो. ही कंपनी १९८१ साली पुण्यात जन्मली, दोन वर्षांत बंगळूरला गेली, आणि आता पुण्या-सांगली-नागपूरची पोरं तिच्यामागे इथवर येतात. त्यामुळे रिंग रोडवरच्या चहाच्या टपरीवर 'भावा, असेसमेंट कसं गेलं?' हे आता कन्नडाइतकंच गावचं झालंय.

ही पोरं टक्केवारीत कच्ची नाहीत. नोकरीच्या चाळणी परीक्षेत प्रत्येकाने ते गणित सोडवलेलं असतं: एका वस्तूवर आधी ५० टक्के सूट, मग उरलेल्यावर आणखी २०; एकूण सूट किती? आर. एस. अग्रवालांचं जाडजूड पुस्तक उशाला घेऊन झोपलेली ही पिढी. पेन न उचलता सांगते, साठ. आता हाच पोरगा आषाढात देवराज अरस रोडवर '५०% + २०%' अशा पाटीखाली उभा करा. सत्तर टक्के वाचल्याच्या आनंदात तीन शर्ट घेऊन बाहेर येतो.

म्हैसूरच्या आषाढात दोन ठिकाणी गर्दी असते. शुक्रवारी चामुंडीच्या डोंगरावर, आणि उरलेले दिवस कपड्यांच्या दुकानांत. आषाढात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, शुभकार्यच नाही, म्हणजे जरीकाठ कपाटात पडून. मग दुकानदार 'आषाढ सेल'ची पाटी लावतात. पाटी कन्नडमध्ये असते, पण 'शेकडा ५० रियायिती' हे वाचून दाखवल्यावर मराठी माणसाला भाषांतर लागत नाही. पाय आपोआप वळतात. पाटीच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'पर्यंत' लिहिलेलं असतं, ते मात्र कुठल्याही भाषेत दिसत नाही. '७० टक्क्यांपर्यंत' हे बीजगणिताच्या भाषेत समीकरण नसून असमता आहे: सूट सत्तरपेक्षा मोठी नाही, एवढंच. शून्य टक्के सूट दिली तरी पाटी खरीच ठरते.

सत्तर आणि साठ यांतला घोळ दोन ओळींत मिटतो. हजाराचे निम्मे पाचशे. पाचशेचे वीस टक्के शंभर. हातात उरले चारशे. दुसरी सूट अख्ख्या हजारावर बसत नाही, उरलेल्या पाचशेवर बसते. एवढं सांगायला सदर लिहायची गरज नव्हती. अडचण पुढे आहे. हजार आले कुठून?

बालभारतीच्या आठवीच्या गणितात 'सूट व कमिशन' असं एक अख्खं प्रकरण आहे. भाषा नेटकी आहे: छापील किंमत, सूट, विक्री किंमत, खादीवरचं रिबेटसुद्धा. गणितं दोन धाटणीची असतात. पहिल्या धाटणीत छापील किंमत देतात, सूट देतात, विक्री किंमत विचारतात. ती पोरं झोपेत करतात. दुसरी धाटणी जरा वाकडी: पंधरा टक्के सूट देऊन वस्तू १७०० रुपयांना विकली, तर छापील किंमत काढा. इथे वर्गातला निम्मा बाक १७०० त पंधरा टक्के मिळवतो आणि १९५५ असं उत्तर लिहून मोकळा होतो. बाईंची तांबडी रेघ. मग बाई फळ्यावर लिहितात, छापील किंमत क्ष मानू. क्षचे ८५ टक्के म्हणजे १७००. म्हणून क्ष बरोबर २०००. सूट क्षवर दिली होती, १७०० वर नव्हे, हे कळलं की बीजगणितातलं निम्मं दुःख संपतं.

पण मला सांगा, हे दुसऱ्या धाटणीचं गणित आयुष्यात कोण सोडवतं? गिऱ्हाईक तर नाही. गिऱ्हाइकाच्या हातात टॅग असतो, टॅगवर किंमत असते, बिलावर सूट छापून येते. त्याला क्ष काढायची वेळच येत नाही. क्ष काढतो दुकानदार. तोही सेलच्या आधी, शटर ओढून.

त्याचं गणित असं चालतं. साडीमागे हातात बाराशे पडले पाहिजेत, हे त्याला माहीत आहे; खरेदी, भाडं, पगार, नफा सगळं धरून. पाटीवर साठचा आकडा असला की लोक आत येतात, हेही माहीत आहे. साठ गेले, उरले चाळीस. क्षचे चाळीस टक्के बरोबर बाराशे. क्ष तीन हजार. छापा तीन हजार. त्यावर तिरकी काट मारा. खाली बाराशे लिहा, लाल शाईत.

पुस्तक सांगतं, किमतीतून सूट वजा होते. बाजारात सुटीपासून किंमत तयार होते. आमची सगळी शाळा ज्या आकड्याला 'दिलेलं आहे' म्हणून नमस्कार करते, तो आकडा दुकानदाराच्या वहीतलं उत्तर असतो. वर त्याला एकदाच मेहनत पडते. पन्नास टक्क्यांची पाटी हवी तर दुप्पट छापायचं, साठला अडीचपट, पंचाहत्तरला चौपट, ऐंशीला पाचपट, नव्वदला दहापट. पाढे पाठ असले की क्ष मानायचीही गरज नाही. शंभर टक्के सुटीचं समीकरण तेवढं सुटत नाही, कारण शून्य गुणिले क्ष बरोबर बाराशे कसे होणार? तिथे दुकानदार 'एकावर एक फुकट' म्हणतो आणि वाट काढतो. दोन घ्या म्हणजे पन्नास टक्के. एकच हवं असेल तर सूट शून्य. 'दोनावर एक' म्हणजे सव्वातेहतीसच्या किंचित वर. टूथपेस्टच्या खोक्यावर ठळक '२५ टक्के जादा' लिहिलेलं असतं, ती सूट पंचवीसची नसतेच. शंभराच्या पैशात सव्वाशे ग्रॅम, म्हणजे वीस टक्के. पंचवीसचा आकडा जास्त घसघशीत दिसतो म्हणून तो खोक्यावर, वीसचा आकडा कंपनीच्या हिशेबात. आवळा देऊन कोहळा काढायचा तर आवळा मोठ्या अक्षरात लिहावा लागतो.

आमचे मेहुणे सांगलीहून आले होते, लेकीला बघायला. ती इथेच ट्रेनिंगला आहे. बुटांचे दोन जोड घेऊन आले आणि दारातूनच ओरडले, "दाजी, छत्तीसशे वाचवले!"

"बरं झालं. ठेवलेत कुठं?"

"असं काय करता? सहा हजारांचे बूट चोवीसशेत आणले. साठ टक्के!"

लेक मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, पलीकडच्या दुकानात हाच जोड साडेबाराशेला आहे. सूटबीट काही नाही. दोन जोडांचे पंचवीसशे. तुम्ही शंभर वाचवलेत."

मेहुणे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण त्या दुकानात पाटी नव्हती ना."

या वाक्यावर अमेरिकेत एक अख्खी कंपनी घायाळ झाली आहे. जे. सी. पेनी ही तिथली जुनी दुकानांची साखळी. ॲपलची दुकानं नावारूपाला आणणारे रॉन जॉन्सन २०११ च्या अखेरीस तिचे प्रमुख झाले. त्यांनी बघितलं की आपल्या दुकानात जवळजवळ काहीच छापील किमतीला विकलं जात नाही. मग ती छापायची कशाला? २०१२ च्या फेब्रुवारीपासून कूपनं बंद, सेल बंद, सरळ कमी केलेली किंमत. म्हणजे क्ष मानायचंच नाही, उत्तरच पाटीवर लावायचं. वर्षभरात विक्री सुमारे पाव हिश्शाने खाली आली आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये जॉन्सन घरी गेले. कूपनं परत आली. गिऱ्हाइकाला स्वस्त वस्तू नको होती, त्याला आपण जिंकल्याचा कागद हवा होता. त्यामुळे सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारायला मी तयार नाही. तो समीकरण सोडवतो खरा, पण त्यातली साठची अट आपण घालतो.

उलट उदाहरण इथेच आहे. म्हैसूर सिल्कच्या सरकारी साड्या; त्या जिथे विणतात त्या कारखान्याची सुरुवात १९१२ साली नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या काळात झाली. सूट तिथेही कधीमधी मिळते, पण लोक साडीसाठी दुकानाबाहेर पहाटेपासून रांग लावतात तेव्हा पाटीवर टक्के नसतात. माल कमी आणि हौस जास्त असेल तिथे क्ष काढत बसायचं कारण नाही. किंमत लिहायची आणि दार उघडायचं.

कायदा काय म्हणतो? वजनमापाच्या कायद्याखालचे २०११ चे पॅकबंद मालाचे नियम सांगतात की पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापा आणि तिच्यावर एक रुपयाही घेऊ नका. चांगला नियम आहे. एसटी स्टँडवर पाण्याची बाटली घेताना आपण तो हक्काने ऐकवतो. पण तो किंमत ओलांडू नका म्हणतो, किती छापा ते सांगत नाही. औषधं तेवढी वेगळी: यादीतल्या औषधांना सरकारी कमाल दर आहे, बाकीच्यांची छापील किंमत वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. बुटांच्या किंवा शर्टाच्या बाबतीत मात्र छापणाऱ्याच्या कल्पनाशक्तीवर कमाल मर्यादा नाही. ग्राहक बिचारा त्या कमाल किमतीलाच वस्तूची खरी किंमत समजतो.

ऑनलाइन दुकानांत टॅग बदलायलाही माणूस लागत नाही. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टने पहिला 'बिग बिलियन डे' केला. संकेतस्थळ कोलमडलं, माल संपला, आणि काही वस्तूंच्या किमती सेलच्या तोंडावर वाढल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी कंपनीचे संस्थापक असलेल्या दोन्ही बन्सलांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. सेल मात्र पुढच्या वर्षी आणखी मोठा झाला, यावरून माफी मनापासून स्वीकारली गेली असावी. युरोपने त्यावर साधा उपाय काढला. २८ मे २०२२ पासून तिथे 'सूट' असं म्हणायचं असेल तर मागच्या तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत शेजारी दाखवावी लागते. म्हणजे क्ष मनाला येईल तो मानायचा नाही, वहीतून काढून दाखवायचा. आपल्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने ऑनलाइन फसवणुकीच्या तेरा युक्त्यांची यादी केली. 'फक्त २ शिल्लक!' छापाची खोटी घाई तिच्यात आहे. यादी वाचली की उत्तम सेल कसा लावावा याचं मार्गदर्शनही होतं.

आता सरकारची सूट. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. त्या दिवशी म्हैसूरच्या दसऱ्याचं उद्घाटन चामुंडीवर लेखिका बानू मुश्ताक यांनी केलं, आणि त्याच दिवशी देशभर जीएसटीचे नवे दर लागू झाले. एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर. टूथपेस्ट, साबण, शाम्पू १८ वरून ५ वर. लगेच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गणित आलं: एसी दहा टक्के स्वस्त, शाम्पू तेरा टक्के स्वस्त. ग्रुपवर निम्मे इंजिनीअर. कुणी हुं की चूं केलं नाही.

हजाराची वस्तू घ्या. २८ टक्के करासह १२८०, अठरासह ११८०. शंभर रुपये कमी झाले, पण ते १२८० मधून. म्हणजे ७.८ टक्के. शाम्पूचे ११८ चे १०५ झाले; तेरा रुपये ११८ मधून, म्हणजे ११ टक्के. पूर्वीच्या १२ चे ५ झाले तिथे सात नव्हे, सव्वासहा. दर दहा टक्क्यांनी नव्हे, दहा अंशांनी उतरला. किंमत किती उतरली हे बघायला मूळ किंमत क्ष मानावी लागते. दहावीला अर्थनियोजनाच्या प्रकरणात जीएसटी शिकवतात, तेव्हा मुलं ते नीट करतात. मग मोठी होतात आणि ग्रुपवर येतात.

करासह किमतीतून मूळ किंमत काढणं हे आजचं डोकेदुखीचं काम नाही. जीएसटी आला २०१७ ला. त्याच्या आधी ८६७ वर्षं, ११५० साली, भास्कराचार्यांनी 'लीलावती'त हे गणित घालून ठेवलंय: दरमहा शेकडा पाच व्याजाने एक वर्षात मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले, दोन्ही वेगळे करून दाखव. वर्षाचं व्याज झालं साठ टक्के. हजारातून साठ टक्के कापणारा चारशे सांगतो आणि नापास होतो. क्षचे १६० टक्के म्हणजे हजार. मुद्दल ६२५, व्याज ३७५. एसीच्या बिलावरचं गणित हेच, फक्त साठच्या जागी अठरा.

त्या भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. तिथला शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे, आणि पाटणच्या बाजारात उतरणाऱ्या मालावर ग्राहकाकडून जे उत्पन्न यायचं ते मठाला लावून दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे गणिताची शाळा गिऱ्हाइकाच्या पैशावर चालत होती. गिऱ्हाईक आजही पैसे देतोच आहे. शिकवणी तेवढी बंद पडली.

सुटीचा मोह सरकारलाही आवरत नाही. कर्नाटकात फेब्रुवारी २०२३ मध्ये वाहतुकीच्या थकलेल्या दंडावर चक्क पन्नास टक्के सूट लागली. लोकांनी रांगा लावून दंड भरले, जणू सिग्नल तोडल्याचा मोसमी सेल. मुदत संपली, मग पुन्हा आली, आणि २०२५ मध्ये २३ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर पुन्हा एकदा. आता हेल्मेट नसल्याचे पाचशे कोण कशाला लगेच भरेल? शहाणा माणूस पुढच्या सेलची वाट बघतो. दरवेळी निम्मी सूट द्यायची आणि हातात पाचशेच पाडायचे, तर दंड हजार छापावा लागेल. सरकारला हे समीकरण अजून सुचलेलं दिसत नाही. मी सुचवत नाहीये, नुसतं सोडवून दाखवतोय.

घासाघीस यापेक्षा बरी होती. तुळशीबागेत काय किंवा आमच्या देवराज मार्केटात काय, विकणारा चारशे म्हणायचा, बाई दीडशे म्हणायच्या, आणि दोघांनाही ठाऊक असायचं की क्ष अडीचशेच्या आसपास कुठेतरी आहे. दोघंही तो काढत असायचे, समोरासमोर, तोंडी. बाई दोन पावलं चालू लागल्या की विकणाऱ्याचं उत्तर बदलायचं. छापील टॅग आला, 'एकच भाव' आला, आणि बाईंच्या हातातला खडू गेला. आता फळाही त्याचा, खडूही त्याचा, आणि बाई बाकावर बसून 'वा, साठ टक्के' म्हणतात.

म्हणून पाठ्यपुस्तक मंडळाला एक नम्र विनंती. 'सूट व कमिशन'मधली सगळी गणितं ठेवा, पण एखादं गल्ल्याच्या बाजूने घाला. नमुना देतो. एका दुकानदाराला शर्टामागे ७५० रुपये हातात हवेत. शेजारच्याने '७० टक्क्यांपर्यंत'ची पाटी लावली आहे; याला ७५ ची लावायची आहे, आणि 'पर्यंत' न लिहिता. आषाढाला आठ दिवस आहेत. छापील किंमत काढा.

उत्तर: ३०००. नवे टॅग ओवणाऱ्या पोऱ्याची मजुरी यात धरलेली नाही. ती शर्टामागे पाच रुपये धरली तर ३०२०.